परमुलखातील जुनी मोटार घेताना

जमीन विकत घेण्याची रीत मराठवाड्यातील गृहस्थाला कोणी शिकवावी लागत नाही. शिवारात जाऊन जमीन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, बांधाशेजाऱ्यांकडे चौकशी करावी, सातबारा काढून मालकाचे नाव आणि इतर हक्कांच्या रकान्यातील बोजा वाचावा, फेरफारांची साखळी जुळते की नाही ते पाहावे, मग चार जाणत्यांच्या समक्ष इसारपावती करावी, दुय्यम निबंधकांपुढे खरेदीखत व्हावे, आणि ताबा मिळाल्यावरही आपल्या नावाचा फेर मंजूर होईपर्यंत स्वस्थ बसू नये, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांच्या कडू अनुभवांतून सिद्ध झालेला आहे. नवल असे की, हाच सावध गृहस्थ हैदराबादेची किंवा पुण्याची एखादी जुनी मोटार मोबाइलच्या पडद्यावर पाहतो, तेव्हा हा सारा क्रम त्याच्या विस्मरणात जातो. आणि न पाहिलेल्या गाडीसाठी, न भेटलेल्या इसमाच्या खात्यावर, तो प्रथम पैसे पाठवतो आणि चौकशीला मागाहून लागतो. प्रस्तुत लेखाचा आशय एका वाक्यात सांगता येईल: आधी माणसाची ओळख, मग कागद, मग प्रत्यक्ष गाडी, मग पैसा आणि शेवटी नाव, हा क्रम कोणाच्याही आग्रहाखातर मोडू नये. भामट्यांच्या युक्त्या नित्य बदलतात, परंतु प्रत्येक युक्तीचे मर्म पैशाला या क्रमात पुढे ओढणे हेच असते.

लातूर-नांदेडच्या ग्राहकाला हा उपदेश विशेष लागू पडतो, कारण तो बहुधा परमुलखात खरेदी करत असतो. येथील बाजारात जुन्या गाड्या नाहीत असे नव्हे. पण निवड मोठी आणि भाव जरा उतरता असा लौकिक पुण्या-मुंबईचा आणि हैदराबादेचा. देगलूर, बिलोली, धर्माबाद हे नांदेड जिल्ह्यातील तालुके तेलंगणाला लागून आहेत; उदगीर, देवणी, निलंगा या लातूरकडील तालुक्यांना कर्नाटकातील बीदर जिल्हा शेजारी आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या एकाच राज्यात होता, आणि हैदराबादेला जाणे म्हणजे आपल्याच राजधानीला जाणे होते. ती सोयरीक आजही टिकून आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने हैदराबादेची गाडी ही परराज्यातील गाडी आहे, आणि तेथे गेलेला आपला ग्राहक, त्याला दख्खनी कितीही अस्खलित येत असली, तरी परकाच आहे. परक्याला तेथील भाव ठाऊक नसतो, कचेरी ठाऊक नसते, आणि पुन्हा पुन्हा फेऱ्या मारण्याची सवड नसते. या तीन उणिवा ओळखूनच सावज हेरले जाते.

जाहिरात आणि जाहिरातदार

पहिली परीक्षा भावाची करावी. गाडीच्या विमापत्रात विमा कंपनीने मान्य केलेले घोषित मूल्य छापलेले असते. विक्रेत्याकडून त्याची प्रत मागवावी, आणि मागितलेली किंमत त्या मूल्याहून पुष्कळच खाली असेल, तर आनंदाऐवजी संशय वाटावा. अशा अतिस्वस्त जाहिरातीमागे एक कथा सहसा तयार असते. आपण सैन्यात किंवा निमलष्करी दलात आहोत, अकस्मात बदली झाली आहे, गाडी छावणीत अथवा विमानतळाच्या वाहनतळावर उभी आहे, लष्करी वाहतुकीने ती थेट लातूरला पोचती होईल, मात्र प्रवेशपत्राचे किंवा भाड्याचे काही हजार रुपये आधी भरावेत, असे सांगितले जाते, आणि विश्वासासाठी गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्राची प्रत पाठवली जाते. पहिली रक्कम भरली की दुसरी येते, दुसरीनंतर ‘परत मिळणाऱ्या’ कराची तिसरी, आणि गाडी मात्र येत नाही. जवानाविषयी आपल्या समाजाला असलेला आदर हेच येथे भांडवल असते. खरा जवान आपली गाडी दाखवल्याशिवाय पैसे मागत नाही, एवढे स्मरणात ठेवले तर त्या आदरालाही बाध येत नाही.

दुसरी युक्ती अधिक कुटिल आहे, कारण तीत ग्राहक खरोखरची गाडी डोळ्यांनी पाहतो. भामटा एखाद्या सच्च्या विक्रेत्याची जाहिरात उचलतो, तीच छायाचित्रे कमी किमतीत पुन्हा प्रसिद्ध करतो, आणि दोन्ही बाजूंशी एकाच वेळी बोलत राहतो. ग्राहकाला तो सांगतो की, गाडी माझ्या मेहुण्याकडे आहे, जाऊन पाहा, पण आमच्यात व्यवहार आहे, म्हणून किमतीचा विषय तेथे काढू नका. खऱ्या मालकाला तो सांगतो की, माझा माणूस गाडी पाहायला येत आहे, भावाचे मी पाहीन, त्याच्याशी बोलू नका. गाडी खरी, मालक खरा, कागद खरे. फक्त पैसे तिसऱ्याच इसमाच्या खात्यात जातात, आणि मागाहून मालक व ग्राहक परस्परांना लबाड ठरवत बसतात. यावर उतारा सोपा आहे: गाडीपाशी उभे राहून, मालकाच्या तोंडावर, मोठ्याने किंमत बोलावी, आणि किमतीविषयी मौन पाळण्याची अट जेथे घातली जाईल तो सौदा तेथेच सोडावा.

विक्रेता व्यापारी असेल, तर चौकशीला आणखी एक आधार आहे. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याने परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घ्यावे, आणि मालकाने त्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये खात्याला द्यावी, अशी व्यवस्था १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय नियमांत आली आहे. हे प्राधिकारपत्र पाच वर्षांसाठी असते. ते दाखवण्यास जो व्यापारी टाळाटाळ करील, त्याच्या दुकानाची सजावट पाहून भुलण्याचे कारण नाही.

कागदांची छाननी

गाडी पाहायला निघण्यापूर्वी कागद घरबसल्या पुष्कळसे तपासता येतात, आणि प्रवासखर्च वाचवण्याचा हाच मार्ग आहे. नोंदणी क्रमांक मिळताच केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन या ॲपवर गाडीची माहिती काढावी. तेथे मालकाचे नाव अक्षरे झाकून का होईना दिसते; शिवाय नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची व योग्यता प्रमाणपत्राची मुदत, आणि गाडीवर कर्ज आहे की काय, हेही कळते. मात्र हे ॲप अधिकृत भांडारातूनच घ्यावे. व्हॉट्सॲपवर चलनाच्या किंवा परिवहन खात्याच्या नावाने आलेली फाइल उघडल्याने मोबाइलमधील सारे व्यवहार परक्याच्या हाती गेल्याचे प्रकार घडले आहेत. विक्रेत्याने पाठवलेल्या आर. सी. बुकच्या छायाचित्रावर विसंबू नये. त्याने व्हिडिओ कॉलवर स्वतःच्या डिजिलॉकरमधून नोंदणीपत्र उघडून दाखवावे, असा आग्रह धरावा. रास्त मालकाला यात अपमान वाटण्याजोगे काही नाही.

हैदराबादच्या गाड्यांबाबत एक गोष्ट ध्यानात असावी. २०१४ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांवर एपी, त्यानंतर टीएस, आणि मार्च २०२४ पासून टीजी अशी अक्षरे आढळतात. म्हणून एकाच शहरातील तीन गाड्यांवर तीन निराळी अक्षरे दिसली, तर त्यात संशयास्पद काही नाही. दिल्लीच्या गाड्यांबाबत मात्र अधिक सावध असावे. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आले, आणि त्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांकडे वाहू लागल्या. अशी गाडी घेण्यापूर्वी तिची नोंदणी तेथे रद्द झालेली नाही आणि आपल्या जिल्ह्यासाठी नाहरकत मिळू शकते, या दोन्ही गोष्टींची लेखी खातरजमा करावी.

कर्जाचा बोजा हा कागदांतील सर्वांत कळीचा मुद्दा. नोंदणीपत्रावर बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव असेल, तर कर्ज फिटल्याचे तोंडी आश्वासन, इतकेच काय संस्थेचे पत्रदेखील, पुरेसे नाही. नमुना ३५ भरून तो बोजा परिवहन कार्यालयाच्या दप्तरातून उतरला पाहिजे. पत्र बनावटही असू शकते, म्हणून संबंधित शाखेत स्वतः विचारावे. ‘सीझिंगची गाडी’ म्हणून स्वस्तात दाखवल्या जाणाऱ्या गाड्यांबाबत, जप्ती आणि लिलाव कोणत्या संस्थेने केला आणि लिलावाचे कागद कोणाच्या नावे आहेत, हे पाहिल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये. थकलेली ई-चलने, संपलेला विमा, चोरीची तक्रार यांचीही चौकशी याच टप्प्यावर उरकावी. चोरीच्या वाहनांविषयी पोलिसांच्या संकेतस्थळावर विचारणा करता येते.

गाडीची पाहणी

कागद जुळले म्हणजे गाडी पाहायला जावे, आणि जाताना आपल्या विश्वासातील मिस्त्री सोबत न्यावा; त्याची एका दिवसाची मजुरी आणि जेवणखाण हा या व्यवहारातील सर्वांत फायद्याचा खर्च होय. ते शक्य नसेल, तर त्या शहरातील अधिकृत सेवाकेंद्रात पैसे भरून तपासणी करून घ्यावी, परंतु केंद्र आपण निवडावे, विक्रेत्याने नव्हे. पाहणी दिवसा, उजेडात, आणि शक्यतो मालकाच्या घरी करावी. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे, कारण सुरू होण्याची कुरकुर आणि पहिला धूर यांतच पुष्कळसे कळते: निळसर धूर तेल जळत असल्याचे लक्षण आहे, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे थंडाव्याचे पाणी इंजिनात शिरत असल्याची शंका.

सर्वप्रथम चॅसिस क्रमांक पाहावा. तो १७ अक्षरअंकांचा असतो, आणि त्यात इंग्रजी आय, ओ व क्यू ही अक्षरे कधीच नसतात. पत्र्यावर ठोकलेला क्रमांक नोंदणीपत्राशी एक-एक अंकाने ताडावा, आणि त्याभोवती घासल्याच्या, जोडकामाच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा नाहीत, हे बोट फिरवून पाहावे. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी कारखान्यातूनच मिळते, आणि त्यापूर्वीच्या गाड्यांनाही ती बसवणे आता सक्तीचे आहे; पट्टीवरील अशोकचक्राची चकाकती मुद्रा आणि खोदलेला क्रमांक पाहावा. किती किलोमीटर चालली हे दाखवणारा आकडा मागे फिरवता येतो, म्हणून त्यावर सौदा ठरवू नये. अधिकृत सेवाकेंद्रातील नोंदी चॅसिस क्रमांकावरून मिळतात, त्या मागवाव्यात. टायरच्या कडेवर चार अंकी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. कमी चाललेली म्हणून सांगितलेल्या गाडीचे चारही टायर नुकतेच बदललेले असतील, ब्रेकचे पॅडल झिजून गुळगुळीत झालेले असेल आणि चालकाच्या बैठकीची कड फाटलेली असेल, तर त्या आकड्याची साक्ष निकामी समजावी.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न लातूरकरांसाठी वेगळाच आहे. ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथील माणसाच्या मनात मोटार पाण्यात बुडण्याची कल्पना सहसा येत नाही. आणि नेमक्या याच कारणास्तव, दूरच्या पुरातील गाड्या धुऊनपुसून कोरड्या मुलखाकडे पाठवणे सोयीचे ठरते. २०१५ चा चेन्नईचा पूर, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा, २०२० च्या ऑक्टोबरातील हैदराबादचा आणि २०२१ चा चिपळूणचा, या प्रत्येकानंतर बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न उभा राहिला. आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातील अतिवृष्टीनंतर तो आपल्या शिवारातही आला आहे. ओळखण्याची साधने थोडी आणि सोपी आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. धुताना हा भाग सुटतो, आणि गाळाची रेघ तेथे दिसते. पायाखालचे आच्छादन उचलावे, जादा चाकाचा खड्डा पाहावा, बैठकीखालच्या पट्ट्यांवरील गंज पाहावा, हेडलाइटच्या काचेत आतून धुके आहे का ते बघावे, आणि गाडी बंद खिडक्यांनी थोडा वेळ ठेवून मग दार उघडून वास घ्यावा. सुगंधाचा मारा केलेला आढळला, तर त्याचे प्रयोजन विचारावे. विमा कंपनीकडे पूर्वी कोणत्या भरपाईचे दावे झाले, हेही मालकाने सांगावे असा आग्रह धरण्यास हरकत नाही.

पैसा आणि ताबा

येथवर येईपर्यंत एक रुपयाही दिलेला नसावा. ‘दुसरे गिऱ्हाईक बसले आहे, टोकन टाका’ हा निरोप जितक्या निकडीने येईल, तितके निर्विकार राहावे. टोकन द्यायचेच झाले, तर गाडी पाहिल्यानंतर, अल्प रकमेचे, आणि कागदांत दोष निघाल्यास परत मिळेल अशा लेखी शर्तीवर द्यावे. यूपीआयबाबत एकच नियम पाठ असावा: पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. ‘टोकन परत करतो, ही चौकट स्कॅन करा’ असे म्हणणारा आपल्याच खात्यातून पैसे काढत असतो.

उर्वरित रक्कम केवळ नोंदणीपत्रावरील मालकाच्या नावाच्या बँक खात्यात, त्याच्या समक्ष भरावी. भावाच्या, मित्राच्या, एजंटाच्या खात्यात नव्हे. नावाची शहानिशा व्हावी म्हणून आधी एक रुपया पाठवून पाहता येतो. २ लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, त्यामुळे रोकडीचा आग्रह धरणारा विक्रेता स्वतःबरोबर आपल्यालाही अडचणीत आणतो. रक्कम जमा होण्यापूर्वीच नमुना २८, २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, त्याच्या ओळखपत्राच्या प्रती, मूळ नोंदणीपत्र, विमापत्र, आणि दोन्ही किल्ल्या हाती असाव्यात. दुसऱ्या किल्लीचा आग्रह हट्टाचा वाटेल. पण विकलेली गाडी राखून ठेवलेल्या किल्लीने आणि लपवलेल्या जीपीएस यंत्राच्या साहाय्याने चोरून नेल्याच्या घटना उघडकीस आल्या आहेत. ताबेपावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण त्या दिवशी सकाळी झालेल्या अपघाताचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न त्या वेळेवर ठरू शकतो.

नाव बदलेपर्यंत

आपल्याकडे अनेक गाड्या ‘बाँडवर’ फिरतात. मुद्रांकपत्रावर करार झाला, नोटरीचा शिक्का बसला, की व्यवहार पूर्ण झाला असे मानले जाते, आणि पुढचा ग्राहकही त्याच रीतीने ती घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात, एकामागून एक अशी अनेकदा विकली गेलेली गाडी ज्याच्या नावे दप्तरात राहिली होती, त्यालाच अपघाताच्या भरपाईस जबाबदार धरले. म्हणजे बाँडने विक्रेत्याची सुटका होत नाही आणि ग्राहकाला मालकीची नोंद मिळत नाही.

परराज्यातील गाडी नावावर करण्याची वाट पुढीलप्रमाणे आहे. मालक आपल्या कार्यालयाकडून नमुना २८ द्वारे नाहरकत प्रमाणपत्र मिळवतो. ग्राहकाने मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० नुसार ३० दिवसांत आपल्या कार्यालयाकडे मालकी हस्तांतरणाची सूचना द्यावयाची असते. आणि येथील कर भरून, नमुना २७ द्वारे नवा क्रमांक घेतल्यावर गाडी ‘लातूर पासिंग’ची, म्हणजे एमएच २४ ची, किंवा नांदेडात एमएच २६ ची होते. कर गाडीचे वय, इंधन व मूळ किंमत यांवर ठरतो, आणि ही रक्कम स्वस्त भासलेल्या गाडीचा सारा फायदा गिळू शकते. म्हणून तिचा हिशेब सौदा ठरवण्यापूर्वी आपल्या कार्यालयात विचारून घ्यावा. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीस तेथील क्रमांक घेणे कायद्याने आवश्यक आहे. विमा कंपनीकडे १४ दिवसांच्या आत अर्ज करावा. तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येत असले, तरी आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईसाठी विमापत्र आपल्या नावे असावे लागते. जुन्या मालकाची दावारहित वर्षांची सवलत मात्र त्याची स्वतःची असते. ती गाडीबरोबर येत नाही.

समुद्रापलीकडे

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींनाही हाच क्रम उपयोगी पडतो. फक्त कागदांची नावे बदलतात. इंग्लंडमध्ये व्ही-५-सी नावाचे नोंदपत्र मिळते, पण ते मालकीचा पुरावा नव्हे, असे त्या पत्रावरच बजावलेले असते. तेथील वार्षिक तपासणीचा इतिहास, दर वेळच्या मैलांच्या आकड्यासह, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो, आणि रस्ताकर विक्रीबरोबर नव्या मालकाकडे जात नाही, तो स्वतः भरावा लागतो. जर्मनीत नोंदणीचे दोन भाग असतात. दुसरा भाग विक्रेत्याच्या हाती नसेल, तर तो बँकेपाशी, म्हणजेच गाडी कर्जात, असण्याचा संभव मोठा. अमेरिकेत मालकीचे प्रमाणपत्र राज्य सरकार देते, आणि पुरात बुडालेल्या गाडीचे ‘भंगार’ असा शेरा असलेले प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात नेऊन कोरे करून घेण्याचे प्रकार तेथेही घडतात. म्हणून चॅसिस क्रमांकावरून गाडीचा इतिहास काढावा. ‘मी सध्या दुसऱ्या देशात आहे, गाडी जहाजाने येईल, पैसे अमुक संस्थेकडे ठेवा’ असे सांगणारा विक्रेता आणि छावणीतला आपला तोतया जवान यांच्यात केवळ गणवेशाचा फरक आहे. परभाषेतील करारात ‘जशी आहे तशी’ विकल्याचा उल्लेख असेल, तर सही करण्यापूर्वी तेथील जाणत्या मराठी माणसाकडून तो वाचून घ्यावा.

इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजेखातर गप्प राहू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता असते, आणि ती शक्यता दर तासागणिक घटते. त्यासोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर आणि आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, बँकेला कळवावे, आणि संभाषणे व जाहिरात पुसण्याआधी त्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

शेवटी विक्रेत्याच्या बाजूचे एक कर्तव्य. आज घेतलेली गाडी चार-पाच वर्षांनी आपण विकतोच, आणि त्या वेळी आपल्या दारी येणारा ग्राहक निलंग्याचा असेल वा बीदरचा, तोही आपल्याइतकाच परका असेल. राज्यातल्या राज्यात विकताना १४ दिवसांत आणि परराज्यात विकताना ४५ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवण्याचे दायित्व कायद्याने विक्रेत्यावर टाकले आहे. ते वेळेवर पार पाडावे, किंमत समक्ष बोलावी, कागद न मागता दाखवावेत, आणि नाव बदलल्याची नोंद पडद्यावर दिसल्याखेरीज ताबेपावतीची प्रत घरातून टाकून देऊ नये.